शेरडांच्या पुढं

"बोलू नका मेस्त्री. नुसतं हितं धरा."

बिरूचा उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत शेळीच्या आत होता. गुडघ्यांवर बसून, डोळे मिटून तो आत काहीतरी चाचपत होता. मी शेळीचे मागचे पाय धरले. पुढच्या बाजूला त्या घरची म्हातारी शेळीची मान मांडीवर घेऊन बसली होती.

"तुझी पहाऱ्याची वेळ झालीय," मी म्हणालो. "निकम हवालदार शोधतोय. सापडलास की उलटा टांगणार."

"टांगू द्या. आदी ह्येचा पाय सरळ करू द्या. आडवं आलंय." मग म्हातारीकडं वळून तो म्हणाला, "आज्जे, आता दाब. हळू. हां, सोड."

म्हातारीला मराठीतलं अक्षर कळत नव्हतं आणि बिरूला तमिळमधलं. तरी तिनं सांगितल्यासारखं दाबलं आणि सोडलं. जरा वेळानं ओलं, काळं करडू गवतावर आलं. बिरूनं त्याच्या नाकातला चिकटा बोटानं काढला, मागचे पाय धरून त्याला झुलवलं, तेव्हा कुठं ते शिंकलं. म्हातारी बोळक्या तोंडानं हसली. तिनं बिरूच्या गालांवरून हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

"हितंबी अशीच दिष्ट काढत्यात बगा," बिरू म्हणाला आणि हात पुसायला माझ्या शर्टाकडं बघू लागला.

"खबरदार."

तेवढ्यात कुंपणावरून निकम हवालदारांचा आवाज आला. "कोळेकर! सरकार तुला पगार कशाचा देतं?"

"बंदुकीचा, हवालदार."

"मग हे काय चाललंय?"

"ह्ये फुकाट."

निकमांना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीत दाबलं.

ही अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. श्रीलंकेत तेव्हा यादवी चालू होती, एकाच देशातली माणसं एकमेकांना मारत होती. आमची पलटण तिथं शांतता राखायला गेली आणि बघता बघता लढाईतच ओढली गेली. ज्या तमिळ वाघांची हत्यारं काढून घ्यायची, त्यांच्याशीच गाठ पडली. उत्तरेकडच्या एका गावातल्या ओस शाळेत आमची चौकी होती. गाव निघून गेलं होतं. शाळेला लागून घर असलेली ही म्हातारी तेवढी शेळ्यांपायी मागं राहिली होती. तिकडं आजीला पाट्टी म्हणतात, म्हणून आम्हीही तिला पाट्टी म्हणायचो. बिरू मात्र आज्जेच म्हणायचा.

मी नाईक होतो. घरचा धंदा सुतारकीचा, आडनावही सुतार, म्हणून पलटणीत सगळे मला मेस्त्री म्हणत.

बिरू कोळेकर माण तालुक्यातला धनगर. घर म्हणायला एका उघड्या माळावर दगडाचं खोपटं होतं, पण माणसं वर्षातला बराच काळ मेंढरांबरोबर फिरतीवर असायची. दिवाळी झाली की कृष्णाकाठाकडं उतरायचं, लोकांच्या रानात मेंढरं बसवायची, पावसाच्या तोंडावर परत माळावर. बिरूचा जन्मही असाच वाटेवरचा, कुणाच्या तरी उसाच्या बांधावर झालेला. शाळा त्यानं मोडूनतोडून केली. जिथं तळ पडेल तिथल्या शाळेच्या खिडकीपाशी जाऊन बसायचं, हाकललं नाही तर आत जायचं.

फौजेत तो कसा आला ते तो असं सांगायचा. साताऱ्याला मैदानावर भरतीची पोरं पळत होती. ह्याचा एक बोकड त्या पोरांत घुसला. बोकड धरायला हा पळाला. बोकड धरून मागं बघतो तर सगळी पोरं मागं राहिलेली. भरतीचा साहेब म्हणाला, बोकड सोड आणि पुन्हा पळून दाखव.

"बोकड सुटला आन् मीच घावलो," असं म्हणून तो स्वतःच हसत बसायचा. त्यात खरं किती होतं ते त्याच्या बिरोबालाच ठाऊक.

शिपाई म्हणून तो साधाच होता. नेम बेताचा. परेडला हातापायांची चुकामूक ठरलेली. पदक नाही, बढती नाही. जहाजावर चढलो तेव्हा खालचा समुद्र बघून म्हणाला, "मेस्त्री, ह्यातलं घागरभर जरी आमच्या माळाला मिळालं असतं." मग उतरताना ओंजळीत घेऊन चाखलं. "ऱ्हाऊ द्या," म्हणाला.

पण त्याची एक गोष्ट मी विसरलो नाही. एका चकमकीनंतर वाघांकडचा एक पोरगा आमच्या वाटेत मरून पडला होता. मिसरूडही न फुटलेला. बिरूनं गळ्यातला टॉवेल काढला आणि त्याच्या तोंडावर घातला. आमच्यातला लोंढे तोंडाचा फटकळ. तो म्हणाला, "आपल्याला मारायला आला होता हा."

"आला हुता," बिरू म्हणाला. "आता कुटं येतोय."

करडू झालं त्यानंतर थोड्याच दिवसांत निकम हवालदारांवर वेळ आली.

शाळेमागं ताडांचं बन होतं आणि त्यातून एक पायवाट पलीकडच्या मोकळ्या भातखाचरांकडं जायची. सकाळी निकम दोन माणसं घेऊन ती वाट तपासायला गेले आणि सुरुंगावर त्यांचा पाय पडला. बरोबरच्यांनी त्यांना आल्या पावलांनी उचलून आणलं. एक पाय घोट्याखाली राहिला नव्हता. दुसरी मांडी फाटली होती.

औषधपाणी बघणारा सावंत माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "घट्ट बांधलंय. पण आतनं रक्त थांबत नाही. दुपार काढतील असं वाटत नाही."

आमचे लेफ्टनंट साहेब वयानं लहान होते. पंजाबकडचे, पण पलटणीत येऊन मराठी शिकलेले. त्यांनी रेडिओवर बोलून हेलिकॉप्टर मागवलं. हेलिकॉप्टर येणार होतं, पण झाडीत उतरणार कुठं? बनापलीकडच्या भातखाचरात उतरेल, तिथवर जखमी पोचवा, असा निरोप आला. सुरुंग काढणारी माणसं दुसऱ्या दिवसाशिवाय येणार नव्हती. दुसरा रस्ता नव्हता. ज्या वाटेवर निकमांचा पाय गेला त्याच वाटेनं त्यांना न्यायचं होतं.

मी शाळेचं एक दार उतरवलं आणि वर्गाच्या छपरातले वासे काढून डोली बांधायला घेतली. बिरू दोरी आवळत होता. सावंतनं निकमांच्या जखमेतून काढलेले लाकडाचे बारीक तुकडे बाजूला पडले होते. बिरूनं त्यातला एक उचलला.

"ह्ये कशाचं वो?"

"सुरुंगाच्या पेटीचं," मी म्हणालो. "वर पातळ फळीचं झाकण असतं. त्यावर माती. झाकण दबलं की खटका बसतो."

"झाकाण लाकडाचं?"

"हो."

त्यानं तुकडा हातात फिरवला आणि टाकून दिला. 

त्या दिवशी पुढं चालायची पाळी माझी होती. संगिनीनं भुई टोचत सुरुंग शोधत जायचं म्हटलं तर संध्याकाळ झाली असती, आणि निकमांकडं तेवढा वेळ नव्हता. म्हणजे नुसतं डोळ्यांनी बघत, सरळ चालत जायचं. साहेब माझ्याकडं बघून म्हणाले, "सुतार, तुम्ही पुढे."

"जी साहेब," मी म्हणालो आणि पाठीवरचं ओझं उतरवून ठेवलं. माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. शालन कऱ्हाडला माझ्या आईजवळ होती.

तेवढ्यात लोंढे म्हणाला, "साहेब, म्हातारीची शेरडं आहेत की. ती सोडा पुढं. फुटलं तर शेरडू जाईल."

तो चेष्टेत म्हणाला होता. कुणी हसलं नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं. त्यांना ते आवडलं नव्हतं हे तोंडावर दिसत होतं, पण डोलीवर माणूस मरत होता.

"शेळ्या आणा," ते म्हणाले.

लोंढेनं गोठ्याचं दार उघडलं आणि पाट्टी दारात आडवी झाली. तिला भाषा समजायची गरज पडली नाही. तिनं लोंढेचे पाय धरले. लोंढे एरवी कुणाचं न ऐकणारा, पण म्हातारीची मिठी सोडवायला त्याचा हात पुढं होईना.

बिरूनं तिला दंडाला धरून उठवलं. "ऊठ आज्जे. तुझी शेरडं म्या नेतो. माघारी येतील सगळी. ऊठ."

तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि दारातून बाजूला झाली.

मग बिरू साहेबांसमोर जाऊन उभा राहिला. "साहेब, ही मागनं हाकून जायची न्हाईत. बनात शिरली की पांगत्यात. म्होरं मानूस लागतो."

"पुढे माणूस? मग शेळ्या कशाला?"

"म्या वाटंवरनं चालत न्हाई. कडंच्या झुडपातनं चालतो आन् पाला दावतो. पाला बगून शेरडं वाटंवरनं येतील. आमच्यात असंच असतंय साहेब. धनगर म्होरं, कळप मागं."

"नक्की?"

"जल्मापास्नं त्येच केलंय, साहेब."

आमच्यात दुसरा धनगर नव्हता. मी सुतार, लोंढे मुंबईच्या चाळीत वाढलेला, सावंत कोकणातला. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "त्याला ठाऊक आहे साहेब," मी म्हणालो. मला त्या क्षणी बरं वाटलं, कशाला लपवू.

"ठीक. कोळेकर पुढे, मग शेळ्या, मग डोली. सुतार, तुम्ही डोली घ्या."

मी डोलीची पुढची दांडी धरली, शेजारी लोंढे, मागं दोघे. बिरूनं फणसाच्या डहाळ्या तोडून खांद्यावर टाकल्या, पाट्टीची काठी घेतली आणि निघाला.

सुरुवातीला तो म्हणाल्याप्रमाणं झुडपातून चालला. शेळ्या वाटेवरून, पाल्याकडं माना करून. मग पहिल्या वळणावर तो वाटेवर आला.

"कोळेकर, बाजूला!" साहेब मागून ओरडले.

"म्या झुडपात गेलो की शेरडंबी झुडपात येत्यात साहेब. जरा म्होरं जाऊन हुतो बाजूला."

तो बाजूला झाला नाही. मान खाली घालून चालत राहिला. तो पाऊल टाकत होता ते मला अजून दिसतं. नवी जमीन चोपतात तसं, टाच दाबून, पूर्ण वजन टाकून. एका ठिकाणी तो थांबला, खाली वाकला, काठीनं कडेची माती जराशी उकरली, तिथं एक डहाळी रोवली आणि शेळ्यांना बाजूनं वळवून पुढं गेला. आम्ही डहाळी चुकवून गेलो. आणखी पुढं पुन्हा तसंच. दोन्ही डहाळ्यांपाशी माती जरा वेगळ्या रंगाची होती. मला ती त्यानं दाखवल्यावर दिसली, आधी दिसली नसती.

निकम डोलीवर मधूनच बरळत होते. एकदा डोली कलली आणि ते ओरडले.

"मेस्त्री, डोली सरळ धरा की," बिरू मागं न बघता म्हणाला. "हवालदार हाय त्यो, लाकूड न्हवं."

निकम शुद्धीवर होते. दातओठ खात म्हणाले, "कोळेकर, मी परत आलो की तुला उलटा टांगणार."

"टांगा की. पन आदी या तर माघारी."

बन संपत आलं होतं. खोडांमधून पलीकडचं ऊन दिसायला लागलं होतं. मला वाटलं, सुटलो.

तेव्हा फुटला.

शेळ्या उलट्या फिरून आमच्या पायांतून मागं पळाल्या. डोली कशी खाली पडली नाही मला ठाऊक नाही. धूर गेला तेव्हा बिरू वाटेच्या मधोमध पडला होता. हा सुरुंग निकमांच्यापेक्षा मोठा होता. साहेब त्याच्या पावलांवर पाऊल टाकत पुढं गेले, वाकले आणि परत उभे राहिले. त्यांनी मला नुसती मान हलवून सांगितलं.

मग म्हणाले, "डोली थांबवू नका."

आम्ही त्याच्या शेजारून गेलो. पुढं मोकळं शेत लागलं. हेलिकॉप्टर आलं. निकम जगले. पुढं कोरेगावला त्यांनी लाकडी पाय लावून कित्येक वर्षं किराणा दुकान चालवलं.

पाट्टीच्या शेळ्या तिच्या घरी गेल्या, सगळ्या. त्या आल्या आणि बिरू आला नाही हे बघून ती एकटी त्या वाटेनं चालत आली. कुणी अडवायच्या आत आली. बिरूच्या उशाशी बसली, पांढरे केस मोकळे सोडले आणि छाती पिटत गाऊन रडली. ज्या फौजेच्या पायी तिचं गाव उठलं, त्या फौजेतल्या शिपायासाठी. साहेबांनी टोपी काढली. तिचं रडणं आवरेपर्यंत आम्ही कुणी त्याला हात लावला नाही.

बिरूला तिथंच अग्नी दिला. सुट्टी मिळाल्यावर अस्थी घेऊन मी त्याच्या घरी निघालो, तेव्हा शालन म्हणाली, "तुम्ही एकटं काय बोलणार त्या माउलीशी? मी येते."

माळावरचं खोपटं बंद होतं. विचारत विचारत आम्ही कृष्णाकाठी उतरलो. उसाच्या तुटलेल्या फडात त्यांचा तळ होता. बातमी त्यांना आधीच कळली होती. बिरूचे वडील, म्हाकूआण्णा, मेंढरांजवळ उभे होते. त्यांनी अस्थींचं गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं आणि घोंगडीवर ठेवलं. आई ठकूबाई येऊन बसली.

"कसं झालं त्येवढं सांगा," आण्णा म्हणाले.

मी सगळं सांगितलं.

"शेरडं मागं हुती?" आण्णांनी विचारलं.

"हो."

"आन् बिरू म्होरं?"

"हो. तुमच्यात तशीच रीत आहे म्हणाला. धनगर पुढं, कळप मागं."

ठकूबाईनं मान वर केली. "शेरडांच्या म्होरं कोन—"

"गप," आण्णा म्हणाले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "व्हय. चालत्यात. धनगराच्या मागनंच चालत्यात." आणि उठून मेंढरांत गेले.

ठकूबाई शालनला घेऊन चुलीकडं गेली. बराच वेळ दोघी तिथं होत्या. परतताना शालन रस्ताभर बोलली नाही. मला वाटलं, पोरगी घाबरली असेल.

त्यानंतर मी नोकरी पुरी केली, कऱ्हाडला दुकान टाकलं, मुलं मोठी झाली. पंधरा ऑगस्टला शाळेत बोलावलं की मी बिरूची गोष्ट सांगायचो. आमच्या जुन्या मंडळींच्या बैठकीत लोंढेही सांगायचा. "बिचारा," तो म्हणायचा, "शेरडांपायी गेला." वाईट मनानं नाही, पण ऐकणारे जरासे हसायचे. मला राग यायचा. मी म्हणायचो, "ती त्यांची रीत होती. त्यांच्यात पुढंच चालतात." अशा वेळी शालन तिथं असली तर उठून आत जायची.

गेल्या वर्षी शालनचा आजार वाढला. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. ओसरीवर तिची खाट टाकली होती. एका दुपारी तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं.

"बसा. येक सांगायचंय. मधी बोलू नका."

मी बसलो.

"बिरूभाऊ साहेबाला जे बोलले ते खोटं हुतं."

"काय?"

"मधी बोलू नका म्हटलं ना. मी माहेरात शेरडं राखलीत. शेरडू कधी मानसाच्या मागं चालतं व्हय? ते म्होरं पळतंय, राखणारी दगूड घेऊन मागनं. हे मला ठावं, अन् धनगराच्या पोराला ठावं नसंल?"

"मग तो का म्हणाला तसं?"

ती जरा दम खाऊन बोलली. "त्यांच्या आईनं मला चुलीपाशी सांगितलं. त्यांच्या माळाखाली जुन्या गावाचं एक पेव हुतं. जमिनीतलं धान्याचं पेव. वर फळ्यांचं झाकण, त्यावर माती, गवत. कुणाच्या ध्यानात न्हाई राहिलं. बिरूभाऊ लहान असताना सगळी शेरडं त्याच्यावरनं गेली. एकीचाबी पाय खचला न्हाई. मागनं त्यांचा चुलता चालत आला, तो आत गेला. वर काढला तवा संपला हुता. बिरूभाऊनी डोळ्यानं बघितलं हुतं ते."

तिनं कूस बदलून माझ्याकडं तोंड केलं.

"झाकणाला हलका पाय कळत न्हाई. शेरडं पुढं सोडली असती तर ती सुखरूप पलीकडं गेली असती. अन् तुम्ही सगळं बिनघोर त्यांच्या मागनं. डोलीच्या पुढच्या दांडीला कोण हुतं?"

"मी."

"जखमी मानसाचं वजन घेऊन पहिला पाय कुणाचा पडला असता?"

बिरू टाच दाबून का चालत होता ते मला तेव्हा कळलं. तो स्वतःचं वजन घालून आमच्यासाठी वाट तपासत होता.

"मग सरळ सांगायचं की त्यानं," मी म्हणालो. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "मी जातो म्हणायचं साहेबांना."

"पाळी तुमची हुती. साहेबानं ऐकलं असतं? तुम्ही जाऊ दिलं असतं?"

नसतं जाऊ दिलं. मी नाईक होतो, तो माझा शिपाई.

"एवढी वर्षं का नाही बोललीस?"

"त्यांच्या आईनं शपथ घातली हुती. म्हणाली, 'तुझा मालक तरणा हाय. त्याला आजून बंदूक घिऊन माघारी जायचंय. माझ्या पोराचं मरण त्याच्या डोक्यावर नगं ठिवू. बाईनं बाईला सांगितलंय, तू संबाळ. तुझी येळ आली की सांग, त्याच्या आदी न्हाई.'" तिनं डोळे मिटले. "तुम्ही लोकांशी भांडायचा, त्यांची रीत हुती म्हणून. मला लई वाटायचं, सांगावं. पण त्या माउलीनं सोताचं पोर जाऊनबी तुमचा इचार केला. मी तिचा शब्द कसा मोडू?"

त्यानंतर तिनं पाणी मागितलं. थोड्या दिवसांनी ती गेली.

तिचे दिवस झाल्यावर मी माणला गेलो. मुलगा म्हणाला, मी येतो, पण मी त्याला आणलं नाही. माळावर आता खोपट्याच्या जागी पत्र्याचं घर होतं. आण्णा जाऊन बरीच वर्षं झाली होती. नातू मेंढरं घेऊन लांब गेले होते. ठकूबाई दारात उन्हाला पाय सोडून बसली होती. तिला दिसत नव्हतं.

"कोन हाय?"

"मी. कऱ्हाडचा सुतार. बिरूच्या पलटणीतला."

"मेस्त्री व्हय?" ती म्हणाली. पोरानं कधीतरी घरी सांगितलेलं माझं नाव तिच्या ध्यानात होतं. "बस. एकटाच आलास?"

"एकटाच."

मी तिच्याजवळ खाली बसलो. येताना एसटीत काय बोलायचं ते मी मनात जुळवलं होतं. इथं आल्यावर एवढंच निघालं.

"आई," मी म्हणालो, "बिरू शेरडांच्या पुढं..."

तिनं हात वर करून मला थांबवलं. "कळलं तुला?"

"हो."

तिचा हात चाचपडत माझ्या गुडघ्यावर आला आणि तिथंच राहिला. 

"म्हंजे शालन गेली म्हन की माझी," ती म्हणाली. आणि आयुष्यात एकदाच, एका चुलीपाशी भेटलेल्या त्या पोरीसाठी तिनं हंबरडा फोडला.